बाबांची वही: दूरदर्शनचा एक रविवार, ३१ जुलै १९८८

पाखाडी

नमस्कार मंडळी. गणपतीआधी गावच्या घराची झाडलोट करायला आलोय (गुहागर तालुका, समुद्रापासून चालत दहा मिनिटं). पोटमाळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत बाबांची शंभर पानी वही सापडली. बाबा शाळामास्तर, त्यामुळे लिहून ठेवायची सवय, पाऊस किती पडला, नारळ किती उतरवले, सगळं. पण ही वही निव्वळ टीव्हीची निघाली! १९८७ ते ९० मधली. रोजचं नाही, पण रविवारचं पान मात्र एकही चुकलेलं नाही. तीन रकाने, वेळ, कार्यक्रम, आणि तिसऱ्याला मथळा "दिसलं का".

३१ जुलै १९८८ चं पान जसंच्या तसं टाइप करतोय.

"सकाळपासून पाऊस. वीज काल रात्रीपासून नाही.
९.३० रामायण, शेवटचा भाग. लाँचीची बॅटरी आणली. मुंग्या कमी. १०.०५ ला बॅटरी संपली. पडवी ३१, आत १४. अ.
१.०० कर्णबधिरांच्या बातम्या. वीज नाही.
१.३० चित्रपट. वीज दोनला आली. भाषा कळली नाही, खालची इंग्रजी अक्षरं मुंग्यांत गेली.
संध्याकाळी हिंदी चित्रपट. मधल्या बातम्यांपर्यंत दिसला. वाऱ्याने अँटेना फिरली. कोणी वर चढायला तयार नाही.
रात्रीचे समाचार. फक्त आवाज."

झालं, एवढाच तो दिवस. म्हणजे दिल्लीहून दिवसभर कार्यक्रम सुटत होते आणि आमच्या घरात त्यातलं तुकड्यातुकड्यानेच पोचलं. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, मला आठवत होतं की आम्ही रामायण "पूर्ण" बघितलं. वहीवरून कळतंय की रामाचा राज्याभिषेक आमच्या वाडीने बघितलेलाच नाही 😄

आता प्रश्न. तो "अ" कसला? बऱ्याच रविवारी शेवटी नुसता "अ" लिहिलाय. पडवीत किती, आत किती हे माणसांचे आकडे, ते कळलं. "अ" कळत नाही. बाबा आता नाहीत आणि आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ताईकडे चिपळूणला आहे, परवा येईल. तोवर डोकं चालवा, आणि तुमच्याकडचा रविवारही सांगा.

सुरंगी

अ म्हणजे अस्पष्ट. साधं आहे.

पाखाडी

नाही ना, अस्पष्टसाठी "मुंग्या" लिहिलंय सगळीकडे. चित्र डबल दिसलं तर "भूत". बाबांची परिभाषा ठरलेली होती.

खारेवारे

वा वा, काय धागा काढलात. मी १९८६ पासून वीसेक वर्षं अँटेना लावायचं काम केलं, संगमेश्वर, गुहागर, रत्नागिरी पट्ट्यात, त्यामुळे हे पान वाचून हात शिवशिवले. थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा.

पहिलं म्हणजे बॅटरी. चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल सेट बारा व्होल्टवर चालायचे, मागे वेगळं सॉकेट असायचं, चांगली चार्ज केलेली मोठी बॅटरी असेल तर आख्खा दिवस आरामात निघाला असता. मग पस्तीस मिनिटांत कशी संपली? कारण तुमच्या बाबांनीच लिहिलंय, लाँचीची. जुलै महिना, मासेमारी बंद, लाँची आगोटीला (पावसाच्या तोंडावर) वर ओढून शाकारलेल्या. इंजिन चालत नाही म्हणजे बॅटरी चार्ज होत नाही. दोन महिने नुसती पडलेली लेड अ‍ॅसिडची बॅटरी आपोआप उतरते नि प्लेटांवर पांढरं धरतं. पस्तीस मिनिटं दिली हेच खूप झालं. आमच्यात हुशार लोक असायचे ते एसटी डेपोच्या आसपास कोणाला तरी धरून चार्ज करून आणायचे.

दुसरं, गुहागरची जागाच अडचणीची. मुंबईचा मनोरा वरळीला, तीनशे मीटर उंच, पण तुमच्यापर्यंत अंतर फार. रत्नागिरीचा सिग्नल येईपर्यंत मध्ये डोंगर. छोटी रिले केंद्रं शंभर वॉटची असायची, वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे देवाची करणी. म्हणून वीस फुटी पाइप, त्यावर अँटेना, खाली बूस्टर, पट्टीवायर कौलांवरून आत. पट्टीवायर ओली झाली की मुंग्या, आणि खाऱ्या वाऱ्याने अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांवर पांढरी पूड धरायची, नटबोल्ट गंजायचे, वर्षातून एकदा सगळं उतरवून पॉलिश पेपर मारायला लागायचा. ते कोणी करायचं नाही. मला बोलवायचे नि म्हणायचे "टीव्ही बिघडला". टीव्हीला काही झालेलं नसायचं हो.

बांगडा_फ्राय

आणि वांदर! वांदरांचं कोणी बोलतच नाही. आमच्याकडे दर आठवड्याला एक वांदर अँटेनेवर झोका घ्यायचं नि तिची तोंड आकाशाकडे. एकदा बुधवारी चित्रहारच्या आधी पाच मिनिटं हा प्रकार, काका दगड घेऊन धावले, दगड वांदराला नाही लागला, अँटेनेला लागला, आणि चित्र एकदम क्लिअर. त्यानंतर वर्षभर ती अँटेना कोणाला हात लावू दिला नाही.

तिरफळ

तुमका मुंबई नि रत्नागिरी, आमका गोवा! आमी वेंगुर्ल्याचे. पयलो टीव्ही वाड्यात इलो तेवा आख्खो वाडो खळ्यात बसलेलो. पणजीचो सिग्नल बरो येय, म्हणान आमच्या आजयेक कोंकणी कार्यक्रम पाठ, मराठी बातम्ये देणारे खंयचे ता तिका म्हायत नाय. आजये म्हणायची दिल्लीवालो हिंदीत काय बोलता ता कळना नाय, पण बाई साडी बरी नेसता.

सुरंगी

तिरफळ 😂😂 आजीला साष्टांग.

पण मुद्द्याचं बोलली ती. सुरुवातीच्या काळात छोटी रिले केंद्रं उपग्रहावरून फक्त दिल्ली पकडून पुढे सोडायची, म्हणजे महाराष्ट्रात राहून मराठी नाही. मुंबई केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरपासून सुरू होतं, तिथले चिमणराव, गजरा वगैरेंची पेपरात वर्णनं वाचायची आणि आम्हाला मात्र संध्याकाळी कृषी दर्शन, त्यात गहू. आमच्या वडिलांनी जन्मात गव्हाचं शेत बघितलं नव्हतं, भात नि नाचणी नि आंबा करणारा माणूस, पण गव्हावर तांबेरा पडला की काय फवारायचं ते तोंडपाठ. "आमची माती आमची माणसं" दिसायला लागलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली.

गिरगावकर_गणू

तुम्ही लोक उगाच गहिवरता बुवा. मी मुंबईत वाढलो, आमच्याकडे चित्र स्वच्छ यायचं, त्यामुळे खरं काय दिसायचं ते मी सांगतो. निम्मे कार्यक्रम रटाळ होते. एक माणूस फुलदाणीशेजारी बसून दुसऱ्या माणसाला प्रश्न विचारतोय नि दोघांनाही घरी जायचंय. बऱ्याचदा "रुकावट के लिए खेद है" हाच त्यातला बरा कार्यक्रम. तुम्हाला मुंग्यांमुळे ते कळलं नाही एवढंच.

पाखाडी

@गणू, कदाचित. पण बाबांनी त्या फुलदाणीवाल्या कार्यक्रमांपुढेही टिक केलीय. दिसला म्हणजे दिसला.

एक राहिलं. वहीत कार्यक्रमांची यादी आधीच्या आठवड्यात लिहिलेली दिसते, शाई वेगळी आहे. मला आठवतंय ते असं की मुंबईचा पेपर आमच्याकडे दुपारच्या एसटीने यायचा, म्हणजे "आजचे कार्यक्रम" हातात पडेपर्यंत सकाळचं सगळं होऊन गेलेलं. म्हणून साप्ताहिकी लागली की घरात कोणी श्वास मोठ्याने घ्यायचा नाही, बाबा भराभर लिहून घ्यायचे. ती बाई पुढच्या आठवड्यात काय काय आहे ते गोड हसत सांगायची आणि बाबा ओरडायचे "अहो हळू". तिला.

खारेवारे

साप्ताहिकी! चित्रपटाची एक झलक दाखवायचे त्यात, तेवढ्यासाठी बघायचो.

अजून एक प्रकार सांगायचा राहिला, तो फक्त किनाऱ्यावरच्यांनाच माहीत असेल. पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, हवा तापलेली, वारा पडलेला, समुद्र तेलासारखा. अशा संध्याकाळी टीव्हीवर एकाएकी अरबी अक्षरं यायची.

बांगडा_फ्राय

हो!!! मला वाटायचं हे मला स्वप्नात दिसलं.

खारेवारे

स्वप्न नाही. समुद्रालगतची हवा गार नि ओलसर, तिच्यावर जमिनीकडून आलेली कोरडी गरम हवा बसते. दोन थरांच्या मधल्या सांध्यातून टीव्हीच्या लहरी वर निसटून न जाता पाण्याला धरून वाकत वाकत लांब जातात, नळीतून पाणी जावं तशा. मग मस्कत-दुबईकडचं, कधी कराचीचं केंद्र तास-दोन तास दिसायचं, आणि तेही आपल्या दूरदर्शनपेक्षा स्वच्छ! गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी यायचं, "कालच्यासारखी लावून द्या". कुठून देणार? मी सांगायचो ही अँटेनेची करामत नाही, दर्याची आहे. विश्वास बसायचा नाही, वाटायचं मी जास्त पैसे मागायला बघतोय.

दाभोळच्या खाडीकाठी एका घरी गेलो होतो, घरातला कर्ता मस्कतला नोकरीला. त्याच्या आईने मला विचारलं, ह्यात तिकडचं दिसतं तर तो दिसेल का. मी बूस्टरची वायर नीट करत बसलो बराच वेळ.

सुरंगी

...

गिरगावकर_गणू

बरं, मघाचं रटाळ मागे घेत नाही, पण खारेवारे तुम्ही वेगळा धागा काढा हो.

मला रामायणाबद्दल विचारायचंय. सगळीकडे लिहितात की लोक टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. खरंच की ही पण पेपरवाल्यांनी उठवलेली आवई?

बांगडा_फ्राय

आमच्याकडे घालायचे. झेंडूचा. पण एकदा हाराचं पाणी मागच्या जाळीतून आत गेलं, चट्ट आवाज झाला आणि पुढचे तीन रविवार शेजारी जावं लागलं. त्यानंतर आजी टीव्हीला लांबूनच हात जोडायची.

पाखाडी

आमच्याकडे हार नाही, पण चपला बाहेर. आणि रामायणाला बसताना आत-बाहेर कोणी बसायचं ह्याचे न लिहिलेले नियम होते, ते आता सांगायला लाज वाटते. बाबा वहीत आत किती, पडवीत किती लिहायचे, पण आतले कोण आणि पडवीतले कोण हे कुठेच लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नव्हती, सगळ्या वाडीला माहीत होतं.

सुरंगी

हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याही ओटीवर तसंच.

आगोट

वाचनमात्र असतो, पण "अ" ने झोप उडवलीय म्हणून लिहितो. पाखाडी, दोन गोष्टी बघून सांगा. एक, अ फक्त रविवार सकाळीच आहे का? दोन, रामायण ३१ जुलैला संपलं आणि महाभारत २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं, मधल्या दोन महिन्यांत अ आहे का?

पाखाडी

आगोट, तुम्ही पोलीसखात्यात आहात का? 😳 आत्ता बघितलं. अ फक्त रविवारी सकाळी. ऑगस्ट-सप्टेंबर ८८ मध्ये एकही नाही. २ ऑक्टोबरला परत "अ". मग जवळपास प्रत्येक रविवारी, थेट जून १९९० पर्यंत. आणि एका रविवारी असं आहे: "अ. मध्येच उठला."

आगोट

उठला! मग माणूस आहे. ज्याला बातम्या नकोत, सिनेमा नको, फक्त रामायण-महाभारत. आणि ज्याचं नाव पूर्ण लिहायची बाबांना इच्छा नव्हती.

तिरफळ

भाऊबंदकी! मी सांगतंय तुमका, गडग्याची (दगडी कुंपणाची) केस असतली. कोकणात माणसाचा नाव अर्धा लिवतत ता एकतर भुताचा नायतर चुलत भावाचा.

गिरगावकर_गणू

तिरफळने धागा जिंकला.

खारेवारे

आई येईपर्यंत वेळ आहे तर जरा आत्ताचंही बोलू. जमिनीवरचे जुने ट्रान्समीटर २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद झाले. आता वाडीवाडीवर फ्री डिशच्या तबकड्या, महिन्याचं भाडं नाही म्हणून. आमची अँटेना उत्तरेकडे मुंबईला नाहीतर जवळच्या केंद्राकडे तोंड करून असायची. तबकडी मात्र आग्नेयेला लावायची, उपग्रह त्या अंगाला. म्हणजे आख्ख्या किनाऱ्यावर सगळ्या तबकड्या समुद्राकडे पाठ करून डोंगराकडे बघत उभ्या. अरबी अक्षरं कुठून दिसणार.

आणि गंमत बघा, तेव्हा मुसळधार पावसात सिग्नल टिकायचा, वीज टिकायची नाही. आता वीज बऱ्यापैकी असते, पण ह्या लहरी इतक्या बारीक की मोठी सर आली की पाण्याचे थेंबच त्यांना खाऊन टाकतात. जुलैमध्ये गिऱ्हाइकाचे फोन सुरू, "सिग्नल नाही". मी सांगतो खिडकीबाहेर बघा, सर ओसरली की येईल.

बांगडा_फ्राय

निसर्ग वादळात (३ जून २०२०) आमची तबकडी श्रीवर्धनहून उडाली ती सापडलीच नाही. वीज काही आठवडे नव्हती त्यामुळे तिची आठवण पण नाही झाली. दोन महिन्यांपूर्वीच लॉकडाऊनमध्ये रामायण परत लागलं होतं, सकाळी नऊ नि रात्री नऊ, तेवढं बघून झालं होतं नशिबाने.

सुरंगी

प्रदीप भिडे २०२२ मध्ये गेले तेव्हा आमच्या आईने विचारलं, आता बातम्या कोण देणार. मधली इतकी वर्षं जणू झालीच नाहीत तिला.

पाखाडी

आई आली. मंडळी, बसून वाचा.

चहा झाल्यावर वही दाखवली. डोळ्याला हिरवी पट्टी, तरी पान नाकाजवळ धरून बघितलं नि हसायलाच लागली. म्हणाली "अण्णा रे".

अण्णा म्हणजे बाबांचे चुलत भाऊ. तिरफळ, तुमच्या पायांचा फोटो पाठवा. गडग्याचीच केस! आमच्या नि त्यांच्या परसवातला गडगा कोणाच्या हद्दीत ह्यावरून १९८५ पासून दावा. बोलणं बंद, गणपतीत येणंजाणं बंद, एकमेकांच्या विहिरीचं पाणी बंद. पण अण्णांकडे टीव्ही नव्हता. तर हा माणूस रविवारी सकाळी बरोबर सव्वानवाला यायचा, कोणाशी बोलायचा नाही, पडवीच्या शेवटच्या खांबाला टेकून बसायचा, संपलं की उठून जायचा. आईने एकदा चहा पाठवला तर तो कपबशीसकट खांबाशी तसाच. दुसऱ्या रविवारी प्यायला म्हणे.

"मध्येच उठला" पण आईला आठवतंय. दुर्योधन म्हणतो ना, सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन देणार नाही. तो भाग. पडवीत तीसेक माणसं आणि एकदम अशी शांतता की बूस्टरची घुरघुर ऐकू यायला लागली. बाबा कौलांकडे बघत बसले, अण्णा माडाकडे. मग अण्णा उठले. पुढच्या रविवारी परत हजर.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मी म्हटलं, आई, बाबांनी किती प्रेमाने जपलंय हे सगळं, प्रत्येक रविवार. आई म्हणाली "प्रेमाने कसलं, वकिलाने सांगितलं होतं, कोण येतं जातं त्याची तारीखवार नोंद ठेवा, कोर्टात उपयोगी पडेल." म्हणजे प्रतिवादी स्वतःहून वादीच्या पडवीत येऊन बसतो! नुसतं "आज अण्णा आला" लिहिलं तर मुद्दाम लिहिल्यासारखं दिसेल, म्हणून बाबांनी टीव्हीची वही केली, त्यात ते घातलं. मग मास्तर माणूस, एकदा रकाने आखल्यावर बाकीचे भरल्याशिवाय चैन कुठलं पडायला. त्यातून ह्या मुंग्या, भूतं, वाऱ्याने फिरलेली अँटेना, सगळं.

गिरगावकर_गणू

दूरदर्शनच्या इतिहासाचा एवढा प्रामाणिक दस्तऐवज आणि तो दिवाणी दाव्याचा पुरावा 😂😂😂 कोर्टात दाखल झाली का वही?

पाखाडी

नाही. १९९४ ला आपसात मिटलं. गडगा होता तिथेच आहे.

आणि राज्याभिषेक आईने २०२० च्या एप्रिलमध्ये बघितला, लॉकडाऊनमध्ये. म्हणाली, बत्तीस वर्षं तो राम बॅटरी संपल्यामुळे ताटकळत होता, बसला एकदाचा.

आगोट

आणि आता दोन्ही घरांचं बरं आहे ना?

पाखाडी

बरं होतं. ह्या मे महिन्यात अण्णांच्या मुलाने फ्री डिश लावली. आग्नेयेला मोकळं आकाश मिळेना म्हणून तबकडी गडग्यावर बसवलीय आणि तिची वायर आमच्या परसवातून गेलीय. आईने आत्ताच सांगितलं, बाजारात जाशील तर येताना शंभर पानी वही आण.